लहरीपुऱ्याचा जमादार

लहरीपुरा दरवाजाच्या तोंडाशी स्कूटर आडवी लावून मी ओढण्यांचा भाव करत होतो. दुकानदार हळूच म्हणाला, "काका, गाडी घ्या बाजूला, जमादार आला." बघतो तर शिट्टी फुंकत वाहतूक पोलीस येत होता. बडोद्यात पोलिसाला आम्ही मराठी माणसंही सहज जमादार म्हणतो. पण याच दरवाजापाशी हा शब्द कुठून कुठे घसरला, ते कळलं तेव्हा मी चाटच पडलो.

1802 साली या शहराचे दरवाजे अरब शिबंदीच्या हातात होते. गादीवर आनंदराव गायकवाड, दिवाण रावजी आपाजी आणि तिजोरीत खडखडाट. शिबंदी हेच लष्कर आणि शहराची राखणही तिच्याचकडे, म्हणजे एका अर्थी तेव्हाचे लष्करी पोलीस. त्यांच्या म्होरक्याला जमादार म्हणत. गंमत अशी, की सावकार गायकवाडांना कर्ज देत तेसुद्धा या जमादारांच्या हमीवर! त्या हमीला बहांदारी म्हणत. राजाच्या शब्दापेक्षा पहारेकऱ्याच्या शब्दाला बाजारात वजन जास्त.

अशा माणसाला निवृत्त करायचं कसं? सेवानियम नव्हते, होता तो तुंबलेला पगार. बाकी चुकती झाल्याखेरीज शिबंदी हलत नसे. मराठी सरदारांच्या दारात शिपाई धरणं धरून बसत, ते याचसाठी. बडोद्यात शेवटी इंग्रज फौजेने डिसेंबरात वेढा घातला. शिबंदी शरण आली, तीही थकबाकी मिळण्याच्या अटीवर. पुढे बहांदारी कंपनी सरकारकडे गेली. शिपायाला तोफ लावून घरी पाठवायचं आणि वर त्याचा हिशोबही चुकता करायचा, असा सेवानिवृत्तीचा समारंभ मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

मराठी फौजेत कुटुंबाची सोय अगदीच नव्हती असं मात्र नाही. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांसाठी पेशवाईत बालपरवेशी दिली जाई.

इंग्रजांच्या हिंदी लष्करात जमादार सुभेदाराच्या खाली जाऊन बसला. इकडे मुंबईसारख्या शहरांत झाडूवाल्यालाही जमादार म्हणू लागले. 1965 मध्ये भारतीय लष्कराने हे पदनामच बदलून नायब सुभेदार केलं. हवालदाराचं नशीब जरा बरं. शिवकाळात तो किल्ल्याचा कारभार पाही, आज लष्करात तो नायकाच्या वर आहे आणि आपल्या बोलण्यात चौकात उभा आहे.

दरवाजाची राखण आणि शिपायांवरच वचक, हे काम आज लष्करात कोअर ऑफ मिलिटरी पोलीसकडे आहे. लाल टोपी, पांढरा पट्टा, प्रशिक्षण केंद्र बेंगळुरूला. या पोलिसाची अडचण मोठी मजेदार आहे: ज्याला अडवायचं, तो बहुधा त्याच्याहून वरच्या हुद्द्याचा! ब्रिटनमध्ये यावर तोडगा म्हणून लष्करी पोलिसाला प्रशिक्षण संपताच एक फीत बढती देतात. आपल्याकडे आर्मी अ‍ॅक्ट, 1950 च्या कलम 107 ने अधिकार हुद्द्याला न देता प्रोव्होस्ट मार्शलला, म्हणजे लष्करी पोलिसांच्या अधिकाऱ्याला, आणि त्याच्या वतीने काम करणाऱ्याला दिला. म्हणजे टोपी बोलते, फीत नाही. फक्त अधिकाऱ्याला अटक करायची तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. कायदा करणाऱ्याने उतरंडीचं शेवटचं मडकं हलू दिलं नाही!

निवृत्तीही त्याच उतरंडीने ठरते. सुभेदार मेजर 34 वर्षांपर्यंत नोकरीत राहू शकतो, साधा शिपाई कितीतरी आधी घरी येतो. पेन्शनसाठी किमान 15 वर्षं भरावी लागतात. 2021 च्या मे महिन्यात बेंगळुरूहून महिला लष्करी पोलिसांची पहिली तुकडी बाहेर पडली, ती याच जुन्या नियमांची. पुढच्याच वर्षी अग्निपथ आलं: अग्निवीर हा वेगळाच हुद्दा, 4 वर्षांची नोकरी, पुढे जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. बाकीच्यांना सेवा निधीची एकरकमी रक्कम. पेन्शन नाही.

एकरकमी हिशोब घेऊन दरवाजाबाहेर पडणं बडोद्याला नवं नाही, एवढं मनात येईपर्यंत जमादार माझ्यापाशी पोचला होता. मी स्कूटर काढली. ओढणी राहिली.