सात वेळा वीज, तरी जिवंत

अमेरिकेतल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाचे वनरक्षक रॉय सुलिव्हन यांच्यावर १९४२ ते १९७७ दरम्यान तब्बल ७ वेळा वीज पडली. पायाच्या अंगठ्याचं नख गेलं, भुवया जळल्या, केस पेटले. माणूस मात्र वाचला. ७ वेळा हे अजबच, पण वाचणं तितकं दुर्मीळ नाही. वीज अंगावर आलेल्या १० जणांपैकी साधारण ९ जगतात.

मृत्यू येतो तो बहुधा हृदय थांबल्याने, भाजल्याने नव्हे. हृदय कधी आपसूक पुन्हा धडधडू लागतं, श्वास मात्र बंदच राहतो. म्हणून छाती दाबणं आणि कृत्रिम श्वास देणं तातडीचं. अशा माणसाला हात लावल्याने शॉक बसत नाही.

वाचलेल्यांपैकी काहींच्या कानाचे पडदे फाटतात, पाय काही तास लुळे पडतात. कातडीवर नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उमटते, विरूनही जाते. मोतीबिंदू मात्र कधी कधी महिन्यांनी डोकावतो.