आजारी मासा आणि छोटी टाकी

टाकीतला मासा आजारी दिसला की औषधाआधी पाणी बघावे. उरलेले खाद्य आणि विष्ठा यांतून अमोनिया साचतो. मासा वर येऊन धापा टाकतो. अशा वेळी खाद्य बंद ठेवून रोज पाव टाकी पाणी बदलणे हाच निम्मा उपचार. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मात्र आधी काढावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणे तर घातकच, त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, तर तो ‘इक’ नावाचा परजीवी.

अकलूजसारख्या ठिकाणी हिवाळ्यात दिवसा ऊन, रात्री गारठा. २० लिटरच्या टाकीला हा चढउतार लगेच जाणवतो आणि मासा अशक्त होऊन इकला बळी पडतो.

त्वचेखाली असलेल्या इकवर औषध चालत नाही. तो गळून तळाशी विभागतो. त्याची पिल्ले पाण्यात पोहू लागली की औषधाने तेवढीच मरतात. त्यामुळे ठिपके गेल्यावरही उपचार थांबवू नयेत.

औषधासोबत हीटरने पाणी हळूहळू २८ ते ३० अंशांवर न्यावे आणि हवेचा पंप वाढवावा, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. लिटरमागे १ ते २ ग्रॅम आयोडीनविरहित मीठ गप्पी माशाला चालते, कोरीडोरास माशाला सोसत नाही.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हीटर बंदच बरा.