‘इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा’

फेब्रुवारी १९४६ मधला मुंबईच्या नौसैनिकांचा उठाव आपण निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांपुरताच आठवतो. त्या तक्रारी खऱ्याच होत्या. पण संप समितीच्या मागणीपत्रात आझाद हिंद सेनेच्या कैद्यांच्या सुटकेबरोबर आणखी एक मागणी होती : इंडोनेशियातून हिंदी फौजा काढून घ्या. विशी-बाविशीतली ही पोरं परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी आपली नोकरी आणि जीव पणाला लावत होती.

त्या मागणीमागे ताजं रक्त होतं. १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. डच मालकांना पुन्हा पाय रोवता आले ते ब्रिटिश फौजांच्या आडोशाने, आणि त्या फौजांत भरणा हिंदी शिपायांचा होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुराबायात घनघोर लढाई झाली. तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही होत्या. गुलाम देशातली शेतकऱ्यांची मुलं दुसऱ्या गुलाम देशातल्या शेतकऱ्यांच्या मुलांवर गोळ्या झाडत होती.

युद्धविरोधाचा हा धागा आमच्या खानदेशातूनही गेलेला आहे. जळगावच्या मेहरूणहून तापी ओलांडली की यावल तालुक्यातलं फैजपूर लागतं. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव राबले. नेहरू अध्यक्ष होते, स्पेनमध्ये यादवी पेटली होती आणि साम्राज्यशाहीच्या युद्धात भारत सहभागी होणार नाही, हा इशारा काँग्रेसने इथे पुन्हा दिला. दुसरं महायुद्ध सुरू होताच, २ ऑक्टोबर १९३९ रोजी, मुंबईच्या सुमारे नव्वद हजार कामगारांनी लाल बावट्याखाली युद्धविरोधी संप केला. ‘ना एक पाई, ना एक भाई’ ही घोषणा त्या काळाची. १९४० मध्ये विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, तोही युद्धविरोधी भाषण करूनच.

पुढे ही वाट दुभंगली. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर चाल केली आणि कम्युनिस्टांनी तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ ठरवून पाठिंबा दिला. त्यामुळे १९४६ चा उठाव कम्युनिस्टांनी वर्षानुवर्षं फौजेत पेरून ठेवला होता, असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. तो आतून उगवला. ‘तलवार’ या नाविक तळावर बी. सी. दत्त यांनी रातोरात भिंतींवर घोषणा रंगवल्या होत्या. १८ फेब्रुवारीला तिथल्या नौसैनिकांनी जेवण नाकारलं आणि दुसऱ्याच दिवशी एम. एस. खान व मदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली संप समिती निवडली गेली. ७८ जहाजं, २० तळ आणि सुमारे वीस हजार नौसैनिक उठावात सामील झाले. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि लाल बावटा असे तिन्ही झेंडे चढले.

डाव्यांचं श्रेय पुढच्या घटकेचं आहे. सरदार पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला, लीगनेही तेच सांगितलं. अशा वेळी अरुणा असफ अली नौसैनिकांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि कम्युनिस्ट पक्षाने २२ फेब्रुवारीला हरताळाची हाक दिली. गिरण्या थांबल्या. रस्त्यांवर लष्कराच्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं गेली. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे यांचा बळी गेला आणि कुसुम रणदिवे जखमी झाल्या. २३ तारखेला नौसैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली. बडतर्फ झालेल्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलानेही परत घेतलं नाही.

बंदूक कोणासाठी उचलायची, हा प्रश्न सैनिकाने विचारणं त्याआधीही घडलं होतं. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरात चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र जमावावर गोळी झाडायला नकार दिला. तेच गढवाली पुढे कम्युनिस्ट झाले. जानेवारी १९४६ मध्ये तर कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाईदलातल्या गोऱ्या शिपायांनीच संप केला. महायुद्ध संपलं होतं, साम्राज्य सांभाळायला थांबायची त्यांची तयारी नव्हती.

खानदेशातल्या घरांतून आजही मुलं सैन्यात जातात आणि आपण त्यांच्या शौर्याचा अभिमान बाळगतो. बंदूक कोणावर आणि कोणासाठी रोखायची, हे विचारण्याचं धैर्यही शौर्यच आहे. म्हणून आपल्या शाळांत फैजपूरच्या अधिवेशनाचा धडा शिकवताना त्याच्या जोडीला नौसैनिकांचं ते मागणीपत्रही शिकवावं. जे फैजपूरच्या मंडपात ठरावाने मांडलं गेलं, ते नऊ वर्षांनी गणवेशातल्या पोरांनी स्वतःच्या हिमतीवर मागितलं, आणि त्याची पुरेपूर किंमतही त्यांनीच मोजली.