चार सॅक्सोफोन आणि आपली भुते

सॅक्सोफोन म्हटला की आपल्याला वरातीतला बँड आठवतो, नाहीतर जुनी हिंदी चित्रपटगीते. असे चार सॅक्सोफोन एकत्र येऊन भुताखेतांचे नाट्य उभे करतात, असे कुणी म्हटले तर हसू यावे. परंतु पाश्चात्त्य देशांत लोककथांतील अद्‌भुत प्राण्यांवर अशा रचना केल्या जातात. वादक वाजवता वाजवताच रंगमंचावर फिरतात, दबा धरतात, एकमेकांवर धावून जातात. जे सांगायचे ते फुंकरीतून.

हे याच वाद्याला का साधावे? अ‍ॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण सूर निघतो तो वेताच्या एका पातळ पट्टीच्या कंपनातून. म्हणून त्याची गणना क्लॅरिनेटच्या कुळात होते. सनईच्या तोंडाशी अशीच, पण जोडपत्ती असते. तेव्हा ही आपल्या सनईची दूरची बहीणच म्हणायची. सोप्रानो, आल्टो, टेनॉर आणि बॅरिटोन अशी चौघांची चौकडी जमते. सूर न काढता नुसता श्वास सोडता येतो, जीभ पट्टीवर आपटून टक्‌कन आवाज काढता येतो, फुंकतानाच घशातून गुरगुरता येते. माणूस आणि जनावर यांच्या सीमेवरचा आवाज हवा असेल, तर याहून सोयीचे वाद्य मला तरी ठाऊक नाही.

मी नृसिंहवाडीचा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वाढलेल्या मुलाला गिऱ्हा सांगावा लागत नाही. बुडून मेलेल्याचे हे भूत डोहात राहते आणि पाण्यात उतरलेल्याचा पाय ओढते, असे आजी सांगे. पावसाळ्यात नदी मंदिराच्या पायऱ्या चढू लागली की त्या गोष्टीचा उपयोग कळे; एकही पोर काठाकडे फिरकत नसे. गिऱ्हा मला बॅरिटोनमध्ये ऐकू येतो: आधी कोरा श्वास, मग तळातून येणारा एकच सूर. शेतातून रात्रभर त्याच बांधावर फिरवून आणणारा चकवा चौघांनी वाटून घ्यावा. एकाने टाकलेली सुरावट दुसऱ्याने उचलावी आणि ती पुन्हा पहिल्या जागी यावी. पिंपळावरचा मुंजा अर्थातच सोप्रानोचा. वेताळाची स्वारी मात्र प्रेक्षकांमधूनच निघाली पाहिजे.

ही कल्पना परकी वाटत असेल, तर आमच्या शेजारच्या सांगलीकडे पाहावे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तेथे ‘सीतास्वयंवर’ केले. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी त्यांना ही प्रेरणा दिली होती. त्या काळच्या नाटकांत राक्षस येई तो राळेच्या भडक्यात, आरोळ्या ठोकीत. त्याचे राक्षसपण संवादात थोडे आणि आवाजातच जास्त असे. पुढे १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, अभिरुची बदलली आणि ‘अलल्लडुर्र’ हा शब्द जुन्या नाटकांच्या टिंगलीसाठी उरला. किर्लोस्करांची थोरवी मान्य करूनही मला वाटते, की त्या टिंगलीत आपण एक कला घालवली. कोकणच्या दशावतारात काळ्या वेषातला संकासुर अजून पखवाज आणि झांजेच्या ठेक्यावर येतो, लोकांना हसवतो आणि लहान मुलांना घाबरवतोही. तिथे ती कला टिकली.

आणि सॅक्सोफोन आपल्या रागदारीला मानवतो का, ही शंका तर कद्री गोपालनाथ यांनी केव्हाच मिटवली. नागस्वरवादकाचा हा मुलगा म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकून भारावला आणि त्यावर त्याने कर्नाटक संगीत वाजवून दाखवले. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एखादी विनोदी एकांकिका ठरलेली असते. एखाद्या वर्षी पंधरा मिनिटे गिऱ्ह्याला द्यायला काय हरकत आहे? वाद्ये विकत घ्यावी लागणार नाहीत. ती बँडवाल्यांकडे आहेत, आणि लग्नसराई नसली की ही मंडळी मोकळीच असतात.