केडीईने बांधणीची पद्धत बदलली तेव्हा

कोड लिहून झाला की प्रोग्रॅम तयार झाला, असं नसतं. हजारो फायलींपैकी कोणती आधी कंपाइल करायची, कोणती कशाला जोडायची, लागणारी लायब्ररी त्या संगणकावर आहे का, हे पाहणारी वेगळी यंत्रणा लागते. तिला बिल्ड सिस्टिम म्हणतात.

लिनक्सवरचा केडीई हा डेस्कटॉप १९९६ पासून वाढत गेला तो मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातून. त्याची बांधणी ऑटोटूल्सवर चाले. ही साधनं युनिक्सच्या शेलवर उभी, आणि विंडोजमध्ये ते शेल मुळात नसतंच. त्यात एम-फोर, पर्ल, शेल अशा भाषांची सरमिसळ. नवा माणूस हात घालायला बिचकायचा. मला हीच अडचण जास्त गंभीर वाटते. बांधणी मोजक्यांनाच कळत असेल, तर कोड सर्वांना खुला असूनही प्रकल्पाची दारं अर्धी बंदच राहतात.

केडीई ४ या नव्या आवृत्तीच्या तयारीत आधी एस्कॉन्स ही दुसरी बिल्ड सिस्टिम वापरून पाहिली. ते जमलं नाही. मग २००६ मध्ये सीमेक निवडलं. अमेरिकेतल्या किटवेअर कंपनीने ते वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या एका लायब्ररीसाठी घडवलं होतं. सीमेक स्वतः कंपाइल करत नाही. एकाच वर्णनावरून ते लिनक्ससाठी मेकफाइल, विंडोजसाठी व्हिज्युअल स्टुडिओचा प्रकल्प, मॅकसाठी एक्सकोडचा प्रकल्प लिहून देतं. त्याच्या उणिवा केडीईच्या लोकांनी दाखवल्या आणि किटवेअरने त्या दूर करायला मनापासून साथ दिली. जानेवारी २००८ मध्ये आलेलं केडीई ४.० सीमेकवरच बांधलेलं होतं.