पद्मिनीच्या टपाचं अस्तर

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, वाकून खालचा गंज शोधतो. वर सहसा कुणी बघत नाही. मी आधी वर बघतो. मागच्या सीटवर बसायचं, मान मागे टाकायची आणि छताचं अस्तर सावकाश न्याहाळायचं. काचेच्या कोपऱ्यापाशी पिवळट डाग असेल तर पावसाचं पाणी रबराखालून आत येतंय. मधेच झोळ पडला असेल तर कापड पेलणारी सळी निसटलीय किंवा शिवण उसवलीय. कडेला डिंकाचे ओघळ असतील तर कुणीतरी घाईत हात फिरवलाय. गाडीला कसं वागवलं गेलं याचा एवढा खरा दाखला आरसी बुकातही मिळत नाही.

या अस्तराचं मला फार वर्षांपासून वेड आहे, आणि त्यातही प्रीमियर पद्मिनीच्या अस्तराचं. बहुतेक लोक नवं अस्तर चिकटवायला जातात. ते ताणायचं असतं, डिंकाचा नंबर सगळ्यात शेवटी. एवढं एक पटलं तर पुढचं सगळं काम सुधारतं.

इतिहास थोडक्यात उरकतो. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या आणि मग फियाट जुळू लागल्या. इटलीची फियाट ११०० डी १९६४ पासून आपल्याकडे डिलाइट म्हणून आली, मग तिची प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअरची दांडी. या शतकाच्या सुरुवातीला उत्पादन थांबलं.

आता छत. टपाच्या पत्र्याखाली एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे बाक दिलेल्या पोलादी सळ्या असतात. त्यांची टोकं दारांवरच्या पट्टीतल्या भोकांत बसतात. अस्तर आडव्या पट्ट्या जोडून शिवलेलं असतं आणि प्रत्येक जोडावर, वरच्या बाजूला, पायजम्याला असतो तसा नेफा असतो. सळी त्या नेफ्यातून जाते. कापड सळ्यांना टांगलेलं आणि चारी कडांनी ओढून धरलेलं. पत्र्याला ते कुठेच टेकत नाही. मधे हवेचा थर राहतो, म्हणून मे महिन्यातही तापलेल्या पत्र्याची धग थेट डोक्यावर येत नाही. काही ठिकाणी हल्ली सळ्या भंगारात देतात, वर हार्डबोर्ड ठोकतात आणि त्यावर मखमल चिकटवतात. दिसायला गुळगुळीत दिसतं, पण हवेचा थर जातो आणि पत्र्याला आतून गंज धरला तर कळायला मार्ग राहत नाही. मला हा प्रकार अजिबात मान्य नाही.

नंतरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांत साच्यातला एकसंध बोर्ड असतो आणि त्यावर पातळ फोम लावलेलं कापड. तिथे कापड लोंबतं ते डिंक सुटला म्हणून असं लोकांना वाटतं. खरं तर उष्णतेने आणि दमटपणाने फोमचाच भुगा होतो. त्यावर नवा डिंक मारून उपयोग नाही, कारण तो भुग्यालाच चिकटतो. बोर्ड बाहेर काढून ब्रशने सगळा भुगा झाडायचा, मग फोमसकट नवं कापड आणि उष्णता सोसणारा डिंक लावायचा. टाचण्या टोचणं म्हणजे फक्त दिवस ढकलणं.

पद्मिनीकडे परत येतो. काम सुरू होतं ते आरसा, सनशेड, छताचा दिवा आणि हँडल काढण्यापासून. मग पुढची आणि मागची काच. अस्तराची कड काचेच्या रबराखाली जाते, त्यामुळे काच न काढता पातळ पात्याने कड आत खोचून देणारेही आहेत. मी काच काढण्याच्याच बाजूचा. काच काढली की खालच्या पत्र्याचा ओठ उघडा पडतो, आणि पाणी धरून गंज नेमका तिथेच लागलेला असतो. तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर मारून, तो नीट वाळल्यावरच पुढे जायचं. सळ्या काढताना प्रत्येकीला मास्किंग टेप लावून पुढून मागे नंबर टाकायचा. दिसायला सारख्या वाटल्या तरी प्रत्येकीची लांबी आणि बाक निराळा असतो. पट्टीत जवळजवळ भोकं असतील तर सळी कुठल्या भोकात होती तेही लिहून ठेवायचं. छत उघडं आहे तोवर दिव्याची वायरही बदलून घ्यावी.

आणि जुनं अस्तर फेकायचं नाही. कितीही फाटलेलं असो, नव्याचा खरा नमुना तेच आहे. पट्ट्यांची रुंदी, नेफ्याची जागा, कडेला सोडलेली माया, सगळं त्यातून मिळतं. शिवण उसवून पट्ट्या सुट्या करायच्या आणि नव्या कापडावर ठेवून खडूने आखायच्या. फक्त एक ध्यानात ठेवायचं: जुनं रेक्झिन वर्षानुवर्षांच्या उन्हाने आकसलेलं असतं, म्हणून कडांना सढळ हाताने जास्तीचं कापड ठेवायचं.

रेक्झिन साधारण ५४ इंच पन्ह्याचं मिळतं. मला आवडतं ते बारीक भोकांचं, मोतिया रंगाचं. त्या भोकांमुळे आतला आवाज थोडा दबतो आणि लहानशी गाडी उजळ वाटते. नेफ्यासाठी मात्र मांजरपाट घ्यावा. रेक्झिनचाच नेफा केला तर सळी आत सरकता सरकत नाही. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा. सुती दोरा दमट हवेत कुजतो. टाके थोडे लांब घालावेत, कारण फार जवळ टाके घातले तर रेक्झिन ताणल्यावर शिवणीवरच फाटतं.

इथे टॅक्सीवाल्यांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. छताची हौस मुंबईत कुणी केली असेल तर ती काळ्यापिवळ्या पद्मिनीवाल्यांनी. फुलाफुलांचं, चमचमणारं, गडद लाल, वेलबुट्टीचं. मीटरकडे बघण्याआधी माझी नजर वर जायची. २०१५ साली ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावाच्या उपक्रमात तरुण डिझायनरांनी मुंबईच्या टॅक्सींच्या सीटसाठी आणि छतासाठी खास कापडं रेखाटली. छत हीसुद्धा चित्राची जागा आहे हे टॅक्सीवाल्यांना कधीचंच ठाऊक होतं, डिझायनरांनी ते चारचौघांत आणलं याचा मला मनापासून आनंद झाला. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ च्या सुमारास रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर सळीचं छत बसवणाऱ्यांचं रोजचं कामही गेलं.

कुर्ल्याच्या एका कुशनवाल्या चाचांच्या गाळ्यात मी तासन्‌तास बसलोय. त्यांच्याकडे गेलं की कळतं, खरी करामत नेफ्याच्या टोकांना आहे. नवं अस्तर आधी उन्हात पसरून मऊ करतात. पुढच्या आणि मागच्या कडेवर, तसंच प्रत्येक सळीवर मध्याची खूण करतात. सळ्या नेफ्यात घालून, मागच्या सळीपासून सुरुवात करून एकेक भोकात बसवतात आणि उभी करतात. मग मागची कड चिमट्यांनी धरायची, पुढून ओढायचं, मध्यापासून कोपऱ्यांकडे. इथवर कुणालाही जमेल. आता बाजू ओढायला गेलं की प्रत्येक सळीच्या टोकाशी तिरपी सुरकुती उठते. नवशिका जोर वाढवतो, सुरकुती आणखी खोल जाते. कारण साधं आहे: नेफा सळीला शेवटपर्यंत धरून बसलेला असतो, त्यामुळे कापड बाजूला आणि खाली वळायला मोकळंच नसतं. चाचा कात्री घेतात आणि नेफ्याचं टोक अर्धा इंच कापतात. फक्त नेफा, अस्तराला पातं लागू द्यायचं नाही. मग ओढून बघतात. सुरकुती थोडी खाली सरकते. पुन्हा थोडं कापायचं, पुन्हा ओढायचं. शेवटी ती सरकत सरकत बीडिंगच्या खाली जाते आणि वर सपाट छत उरतं. एकदम जास्त कापलं तर तिथे कापड सळीपासून सुटून लोंबतं आणि मग नेफा नव्याने शिवण्यावाचून गत्यंतर नाही. डाव्या बाजूला कापलं की लगेच उजव्या बाजूला तेवढंच, म्हणजे शिवणी तिरक्या जात नाहीत. ते कापताना बोलत नाहीत आणि मीही मधे प्रश्न विचारत नाही.

मागच्या काचेच्या दोन्ही अंगांचे खांब सगळ्यात अवघड, कारण तिथे कापडाला दोन दिशांनी वळावं लागतं. तिथे हीट गन लांबून फिरवायची, हाताने दाबत न्यायचं. हे सगळं चिमट्यांवर मनासारखं झालं की मगच डिंक. तोही पत्र्याच्या ओठावर आणि कापडाच्या कडेवर, दोन्हींवर लावायचा आणि बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचा. भर पावसाळ्यात हे काम काढू नये. डिंकातला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि जोड कच्चा राहतो. ऑक्टोबरचं कोरडं ऊन यासाठी उत्तम. दिव्याचं भोक अगदी शेवटी, आधी चाचपडून जागा बघून छोटी फुली मारायची.

काच परत बसवणं दोन माणसांचं काम. रबर काचेला चढवायचं, त्याच्या पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत सगळीकडून मजबूत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं. एकाने बाहेरून तळव्याने काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. जुनं कडक झालेलं रबर पुन्हा वापरू नये, पहिल्याच पावसात नव्या अस्तरावर डाग पडतो. दुसऱ्या दिवशी नळीने काचेच्या कडांवर पाणी मारून आतून बघावं.

रेक्झिन घेताना मीटरभर जास्तच घ्यावं. सनशेडचं कापड त्याच थानातलं हवं, पुढच्या वर्षी तोच रंग त्याच छटेत मिळत नाही. उरलेलं घडी घालून ठेवू नये, नळकांड्यावर गुंडाळून ठेवावं.