फिश टँकमधील बुळबुळीत ‘शेवाळ’

गिरगावातील चाळीची खोली असो की दादर-परळमधील शाळेची प्रयोगशाळा, पाणवनस्पती लावलेला फिश टँक ठेवणाऱ्यांना एक त्रास कधी ना कधी होतोच. वाळूवर, पानांवर, काचेवर निळसर हिरवा, बुळबुळीत थर चढतो. बोटाने उचलला तर तो सायीसारखा सलग निघतो, मातकट, कुबट वास येतो आणि चार दिवसांत थर पुन्हा हजर! हे शेवाळ घालवायचे कसे? उपाय शोधण्याआधी ते खरोखर शेवाळ आहे का, हे पाहू.

थराचा टाचणीच्या डोक्याएवढा भाग काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठा करून पाहावा. तुलनेसाठी स्पायरोगायराचा धागा घ्यावा. स्पायरोगायराच्या पेशीत हरितलवकाची सर्पिल फीत स्पष्ट दिसते. आयोडीनचा थेंब टाकल्यास केंद्रकही दिसते. आपल्या थरातील धाग्यांत यांपैकी काहीच आढळत नाही. हे धागे बहुधा ऑसिलेटोरिया किंवा त्याच्या जवळच्या प्रजातींचे असतात आणि नीट पाहिल्यास संथपणे सरकताना दिसतात. केंद्रक नसलेले हे सजीव म्हणजे सायनोबॅक्टेरिया, अर्थात नीलहरित जीवाणू. जुन्या पुस्तकांत त्यांना ‘नीलहरित शैवाल’ म्हटले असले, तरी त्यांचे नाते जीवाणूंशी आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. पावसाळ्यात चाळीच्या गच्चीवर पाय घसरवणाऱ्या थरातही यांचे भाईबंद असतात.

ते जीवाणू आहेत म्हणूनच एरिथ्रोमायसीनसारख्या प्रतिजैविकाने मरतात, आणि काही हौशी मंडळी त्याच्या गोळ्या टाकीत विरघळवतात. हा मार्ग आपण टाळावा. माशांच्या विष्ठेतील विषारी अमोनियाचे नायट्रेट करणारे उपयुक्त जीवाणूही टाकीत असतात. त्यांना झळ पोचू शकते. शिवाय औषध मिसळलेले पाणी शेवटी गटारातच जाते. तिथल्या जीवाणूंना प्रतिजैविकांना दाद न देण्याची सवय लावणे म्हणजे माणसांच्या औषधाची धार घालवणे होय.

साधा उपाय अंधाराचा आहे. प्रथम रबरी नळीने थर पाण्यासकट बाहेर ओढून घ्यावा. नळी तोंडाने ओढू नये, कारण यांतील काही जाती विष तयार करतात. नळी पाण्याने भरून, टोक बोटाने दाबून खाली सोडली की काम होते. नंतर हात साबणाने धुवावेत. एकतृतीयांश पाणी बदलावे. तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून मुंबईला येणारे पाणी क्लोरीन घालून पुरवले जाते. म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच टाकीत घालावे. मग टाकी काळ्या कापडाने पूर्ण झाकून तीन-चार दिवस ठेवावी. माशांना या काळात खाणे देऊ नये. निरोगी मोठे मासे एवढा उपास सहज सोसतात. पानांत साठवलेल्या अन्नावर वनस्पतीही तगतात.

या दिवसांत हवेचा पंप मात्र अखंड चालू हवा. अंधारात प्राणवायू तयार होत नाही, आणि मेलेला थर कुजताना असलेला प्राणवायूही वापरला जातो. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या एकाहून अधिक वर्षी आल्या आहेत. पाण्यात पडलेले अन्न कुजते, प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. आपली टाकी म्हणजे छोटी बाणगंगाच!

कापड काढल्यावर मेलेला थर ओढून काढावा आणि पुन्हा एकतृतीयांश पाणी बदलावे. पण मूळ कारण राहिले तर थर परत येतो. टाकी खिडकीच्या उन्हातून हलवावी, दिवा रोज सहा ते आठ तासच लावावा. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे. वाळूतील गाळ काढावा, पाणी कोपऱ्यांतही खेळते ठेवावे. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या भराभर वाढणाऱ्या वनस्पती लावल्या की पाण्यातील पोषक द्रव्ये त्या घेतात आणि थराच्या वाट्याला कमी येतात.

काढलेला थर लगेच टाकून देऊ नये. थोडा भाग वाळवून पेलाभर पाण्यात भिजवावा. पाण्याला निळसर छटा येते. हे फायकोसायनिन नावाचे रंगद्रव्य. उरलेला भाग दोन बरण्यांत ठेवून एक बरणी उजेडात, दुसरी अंधारात ठेवावी आणि विद्यार्थ्यांना रोज नोंदी करू द्याव्यात. अंधाराचा उपाय का चालतो, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.